न घडलेल्या नगांचा हिशेब

प्रस्तावना

प्लास्टर ऑफ पॅरिसच्या सहा फुटांपर्यंतच्या गणेशमूर्तींचं विसर्जन कृत्रिम तलावातच करावं, असा अंतरिम आदेश मुंबई उच्च न्यायालयानं 24 जुलै 2025 रोजी दिला. त्याआधी, 2020 च्या करोनाच्या वर्षी, राज्य सरकारनं घरगुती मूर्तीला दोन फुटांची आणि सार्वजनिक मंडळाच्या मूर्तीला चार फुटांची मर्यादा घातली होती. दोन्ही वेळी चर्चा झाली ती श्रद्धेची, पाण्याच्या प्रदूषणाची आणि पोटापाण्याची. पेण तालुक्यातल्या जिते, हमरापूर, जोहे या पट्ट्यात जिथं मूर्ती घडतात, तिथं या आकड्यांतून आणखी एक प्रश्न निघतो, आणि तो निव्वळ मोजमापाचा आहे. सहा फूट कुठून कुठवर? पाट धरून की सोडून? मुकुटाच्या टोकापर्यंत की मागच्या प्रभावळीच्या? हे ठरलं तरी पुढचा प्रश्न उरतोच: सहा फुटांच्या साच्यातून शंभर मूर्ती काढल्या, तर किती रेषेच्या अलीकडे राहतील आणि किती पलीकडे जातील?

पहिला प्रश्न व्याख्येचा, दुसरा प्रक्रिया-क्षमतेचा. हे पुस्तक दुसऱ्या प्रश्नासाठी लिहिलं आहे. पण पहिल्याचा निकाल लावल्याशिवाय दुसऱ्याला हात घालता येत नाही, त्यामुळे पानं दोघांनीही खाल्ली आहेत.

विषयाचा गाभा थोडक्यात सांगता येतो. तपासणी घडून गेलेल्या नगाबद्दल बोलते, क्षमता अजून न घडलेल्या नगांबद्दल. तपासनीस हातातला नग बघून पास किंवा नापास म्हणतो आणि त्याचं काम संपतं. क्षमतेचा अभ्यास करणारा झालेले नग मोजतो ते उद्याच्या, परवाच्या, पुढच्या महिन्याच्या नगांबद्दल काही ठाम बोलता येईल का, हे पाहण्यासाठी. न पाहिलेल्या मालाबद्दल बोलणं हे धाडसच आहे. या शास्त्रातल्या सगळ्या अटी, सगळी किचकट वाटणारी सूत्रं, आलेख आधी काढण्याचा सगळा आग्रह त्या एका धाडसापायी आहे. हे ध्यानात राहिलं, तर पुढचं एकही प्रकरण पाठ करावं लागणार नाही.

जिते हे पनवेल–रोहा मार्गावरचं, आपटा आणि हमरापूर यांच्यामधलं लहानसं स्टेशन. मुंबई–गोवा महामार्गही इथूनच जातो. एका अंगाला रसायनी-पाताळगंगेची औद्योगिक वसाहत. दुसऱ्या अंगाला डोलवीचा पोलाद कारखाना, नागोठण्याचा पेट्रोकेमिकल प्रकल्प आणि रोह्यालगतची धाटावची रासायनिक वसाहत. त्यामुळे थोरला भाऊ धाटावला शिफ्टला आणि धाकटा घरच्या गणपतीच्या कारखान्यात, अशी घरं या भागात सहज असू शकतात. थोरल्याच्या कानावर ‘सीपीके’ हा शब्द ऑडिटच्या आधी आठ दिवस रोज पडतो. धाकट्यानं तो कधी ऐकलेलाही नसतो. तरी दोघांपुढचं कोडं एकच आहे: गिऱ्हाइकानं आखलेल्या मर्यादा एका बाजूला, आपल्या कामाची स्वाभाविक चढउतार दुसऱ्या बाजूला, आणि दुसरी पहिलीत मावते की नाही. हे पुस्तक दोघांनी एका टेबलावर बसून वाचावं असं योजलं आहे. म्हणून उदाहरणं रसायनांची, सळयांची आणि गोळ्यांची आहेत, तशी मूर्तींचीही.

मूर्तीचं उदाहरण पुढं वारंवार येणार आहे, म्हणून ते इथंच नीट मांडून ठेवतो.

प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणजे तापवून पाणी काढून टाकलेला जिप्सम. पाणी मिळालं की तो पुन्हा दगडासारखा होतो, आणि होताना गरम होतो. शंभर भाग प्लास्टरला रासायनिक क्रियेपुरतं जेमतेम साडेअठरा भाग पाणी लागतं. पण तेवढ्या पाण्यात तो ओतता येत नाही. साच्यात सगळीकडे पोचावा इतका पातळ करायचा, तर साठ-सत्तर भाग पाणी घालावं लागतं. जास्तीचं पाणी नंतर उडून जातं आणि मागं बारीक छिद्रं ठेवतं. पाणी जितकं जास्त, तितकी मूर्ती हलकी आणि कच्ची. त्यात काथ्या किती घातला, रबरी साच्याला आतून थर किती जाड बसला, पहिला हात सुकायच्या आत दुसरा दिला की नंतर, साचा नवा आहे की पुष्कळ मूर्ती काढून सैल झालेला, गोण नव्यानं फोडलेली की दमट हवेत उघडी राहिलेली, या प्रत्येक गोष्टीचा वाटा अंतिम वजनात असतो. शाडूची तऱ्हा आणखी वेगळी: प्लास्टर घट्ट होताना किंचित फुगतो, शाडू वाळताना आकसतो. एकाच नमुन्यावरून काढलेल्या दोन मालांच्या मूर्ती उंचीला सारख्या भरत नाहीत, त्यात कारागिराचा दोष नसतो.

वजनच मोजायला का घ्यायचं? कारण दोन्हीकडून त्रास देणारी ती गोष्ट आहे. मूर्ती फार हलकी, म्हणजे भिंत पातळ; मूर्ती भरून टेम्पो महामार्गाला लागला की खड्ड्यागणिक तडा. मूर्ती फार जड, म्हणजे प्लास्टर वाया, आणि उचलणाऱ्याच्या कमरेलाही भार. वरची मर्यादा आणि खालची मर्यादा दोन्ही खऱ्याखुऱ्या कारणांनी आलेल्या आहेत. अभ्यासाला असाच गुणधर्म निवडावा. निव्वळ मोजायला सोपा म्हणून निवडलेल्या गुणधर्माचा अभ्यास कपाटातल्या फायलीत जाऊन पडतो.

आता हिशेब. समजा एका नमुन्याच्या मूर्तीचं वजन 3.2 ते 4.4 किलोच्या आत असावं, असं कारखान्यानं स्वतःच ठरवलं. मर्यादांमधलं अंतर 1.2 किलो. दर दिवशी एकाच साच्यातून लागोपाठ निघालेल्या पाच मूर्ती वजन केल्या, आणि असे पंचवीस गट जमवले. प्रत्येक गटातल्या सर्वांत जड आणि सर्वांत हलक्या मूर्तीतलं अंतर काढलं, त्यांची सरासरी आली 0.35 किलो. पाचच्या गटासाठी या सरासरीला 2.326 नं भागलं की प्रमाण विचलन मिळतं: सुमारे 0.15 किलो. चढउतारीचा जवळजवळ सगळा पसारा मध्याच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन विचलनांत, म्हणजे एकूण सहा विचलनांत मावतो: 0.9 किलो. मर्यादांच्या 1.2 ला या 0.9 नं भागलं की 1.33. याला सीपी म्हणतात. मर्यादांची जागा पसाऱ्याच्या सव्वापटीहून थोडी जास्त आहे, एवढंच तो सांगतो.

जागा आहे, पण पसारा त्या जागेच्या मधोमध बसला आहे का, हे सीपीला कळत नाही. समजा सरासरी वजन 3.8 हवं होतं आणि प्रत्यक्षात भरतंय 4.1. वरच्या मर्यादेपर्यंत उरले 0.3 किलो, म्हणजे दोन विचलनं. या 0.3 ला तीन विचलनांनी, 0.45 नं, भागलं की 0.67. दोन्ही बाजूंचे असे भागाकार काढून त्यांतला लहान घ्यायचा; तो सीपीके. पसारा नेमका मध्यावर असता, तर मर्यादेबाहेर जाणाऱ्या मूर्ती दहा लाखांत सुमारे 63 निघाल्या असत्या. मध्य 300 ग्रॅम सरकला, तर हजारात 23 जड निघतात. शिवाय हजार मूर्तींमागं 300 किलो माल फुकट जातो, आणि तो मर्यादेच्या आत राहिलेल्या मूर्तींमधूनही जातो, त्यामुळे तपासनीसाच्या वहीत त्याची नोंदच होत नाही.

सीपी चांगला आणि सीपीके वाईट, ही खरं तर आनंदाची बातमी असते. काम एकसारखं होतंय, फक्त नेम चुकतोय. पाण्याचं माप, थरांची संख्या, मशीनवर असेल तर सेटिंग बदललं की भागतं. दोन्ही वाईट असतील, तर मात्र सेटिंग फिरवून काही होत नाही. तिथं साचा, माल, पद्धत किंवा यंत्रच बदलावं लागतं, आणि तो खर्च मालकाच्या सहीशिवाय होत नाही. कुठला दोष कामगाराच्या हातात आहे आणि कुठला मालकाच्या, हे दोन आकड्यांच्या तुलनेतून कळतं. माझ्या मते या शास्त्राचा सर्वांत मोठा उपयोग हाच.

हा विचार कुठून आला, हेही थोडक्यात सांगायला हवं. अमेरिकेत वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत काम करणाऱ्या वॉल्टर शूहार्ट यांनी 16 मे 1924 रोजी आपल्या वरिष्ठांना एक छोटं टिपण पाठवलं. त्यात नियंत्रण-आलेखाचा पहिला नमुना होता. चढउतारीची कारणं दोन जातींची असतात, असं त्यांचं म्हणणं. एक जात प्रक्रियेत मुरलेली, अनेक बारीक कारणांची मिळून झालेली. ती जायची नाही. दुसरी बाहेरून येऊन पडलेली, शोधून काढता येणारी. त्यांचा मूळ ग्रंथ 1931 मध्ये आला. त्याच वर्षीच्या 17 डिसेंबरला कोलकात्यात प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी भारतीय सांख्यिकी संस्था स्थापली. महालनोबिसांच्या निमंत्रणावरून शूहार्ट 1947-48 च्या हिवाळ्यात भारतात आले. पन्नाशीच्या दशकात संस्थेनं मुंबईसह काही शहरांत कारखान्यांसाठी गुणनियंत्रणाची केंद्रं उघडली, आणि कापडगिरण्यांत सुताच्या काउंटची चढउतार आलेखावर येऊ लागली. ज्या गिरणगावात कोकणातली हजारो माणसं मागावर उभी होती, तिथं हे शास्त्र तेव्हाच पोचलं होतं. पुढं जपानी गुणवत्तेचे एक आचार्य ठरलेले गेनिची तागुची हेही याच दशकाच्या मध्याला भारतीय सांख्यिकी संस्थेत राहून गेले.

क्षमतेचा अभ्यास पद्धतशीर कसा करावा, हे वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या 1956 च्या हस्तपुस्तकात सविस्तर आलं. मर्यादांना सहा विचलनांनी भागायचं गुणोत्तर जोसेफ जुरान यांनी सत्तरच्या दशकात रूढ केलं, आणि 1986 मध्ये व्हिक्टर केन यांच्या लेखानंतर सीपीके सर्वतोमुखी झाला. म्हणजे आलेख आधी आला आणि निर्देशांक पन्नास-साठ वर्षांनी. आज बहुतेक ठिकाणी क्रम उलटा आहे: निर्देशांक संगणकातून काढतात आणि आलेख मागितला तर शोधाशोध होते.

हा उलटा क्रम का चालत नाही, ते मूर्तीच्या वजनातच दिसतं. साच्यातून काढलेल्या दिवशीचं वजन आणि आठ दिवसांनंतरचं वजन एक नाही, कारण पाणी उडत राहतं. एप्रिलच्या उन्हात ते झपाट्यानं उडतं, जुलैच्या पावसात रेंगाळतं. आज ओतलेल्या, काल ओतलेल्या आणि आठवड्यापूर्वीच्या मूर्ती एकत्र वजन केल्या, तर जो पसारा मिळेल तो ओतकामाचा नसेल, वाळण्याचा असेल. पाच साच्यांतल्या मूर्ती एका ढिगात घातल्या, तर साच्यासाच्यांतला फरक प्रक्रियेच्या अंगावर पडेल. अशा ढिगाचा सीपीके काढता येतो. संगणक नाही म्हणत नाही. पण तो आकडा उद्याबद्दल काहीच सांगत नाही, कारण उद्याच्या ढिगात कोणत्या साच्यातल्या किती मूर्ती असतील, हे कुणालाच ठाऊक नसतं. म्हणून आधी वेळेच्या क्रमानं आलेख, मग बाहेरून आलेल्या कारणांचा शोध, प्रक्रिया स्थिर झाल्याची खात्री, आणि सर्वांत शेवटी भागाकार. स्थिर नसलेल्या प्रक्रियेला क्षमता नसते. तिच्या नशिबी फक्त इतिहास असतो.

इथंच काट्याचाही विचार येतो. तीच मूर्ती त्याच माणसानं पुन्हा वजन केली तर तेच वजन येतं का? दुसऱ्यानं केलं तर? काटाच शंभर ग्रॅम इकडेतिकडे करत असेल, तर दीडशे ग्रॅमच्या विचलनातलं प्रक्रियेचं किती आणि काट्याचं किती, हे वेगळं काढावं लागतं. व्हर्निअर, मायक्रोमीटर, गेज, प्रयोगशाळेतली चाचणी, सगळ्यांना हाच नियम. मोजमापाच्या परीक्षेचं प्रकरण पुस्तकात क्षमतेच्या प्रकरणाच्या आधी घातलं आहे, ते जाणीवपूर्वक.

मर्यादेच्या आत असणं आणि चांगलं असणं यांत फरक आहे, हे सांगणारी जगभर शिकवली जाणारी एक हकीकत आहे. जपानच्या ‘असाही शिंबुन’ या दैनिकात ती एप्रिल 1979 मध्ये आली. सोनीचे दूरचित्रवाणी संच टोकियोतही बनत आणि अमेरिकेत सॅन दिएगोतही. आराखडा एक, रंगाच्या घनतेच्या मर्यादा एक. सॅन दिएगोच्या कारखान्यातून मर्यादेबाहेरचा संच जवळजवळ जातच नसे. टोकियोतून हजारात तीनेक जात. तरी गिऱ्हाइकांची पसंती टोकियोच्या संचांना होती. कारण टोकियोचे बहुतेक संच मध्यापाशी गोळा झालेले, तर सॅन दिएगोचे मर्यादेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखे पसरलेले. हिशेब केला तर टोकियोचा सीपी साधारण 1 आणि सॅन दिएगोचा 0.58 च्या आसपास भरतो. नापास माल बाहेर जाऊ न देण्याची काळजी एका कारखान्यानं घेतली, मध्यावर नेम धरण्याची दुसऱ्यानं. मध्यापासून दूर जाणारा प्रत्येक नग, मर्यादेच्या आत असला तरी, कुणाचं तरी थोडं नुकसान करतोच, हा तागुचींचा सिद्धांत या हकीकतीतून चटकन पटतो.

पण मध्य कुठला धरायचा, हेही दर वेळी निष्पाप नसतं. इमारतीच्या सळईचं भारतीय मानक, आयएस 1786, आठ मिलिमीटरच्या सळईचं वजन मीटरला 0.395 किलो धरतं आणि दहा मिलिमीटरपर्यंतच्या सळयांना लॉटमागं सात टक्के इकडेतिकडे चालवून घेतं. ज्या रोलिंग मिलचा पसारा मोठा, तिला मध्यावरच राहावं लागतं. जिचा पसारा लहान, ती मुद्दाम खालच्या मर्यादेजवळ सरकून सगळा माल नियमात ठेवू शकते. टनावर विकला तर गिऱ्हाइकाला मीटर जास्त मिळतात, नगावर विकला तर लोखंड कमी. हातात कमावलेली क्षमता कुणाच्या बाजूनं वापरायची, हे सूत्र सांगत नाही.

हीच क्षमता सरळ मार्गानं वापरली तर काय होतं, ते पोह्यांच्या पाकिटात पाहावं. पेणचं नाव मूर्तींइतकंच पोह्यांसाठी आणि पापडांसाठीही घेतलं जातं. बंद पाकिटांच्या 2011 च्या नियमांनुसार अर्धा किलोच्या पाकिटांची सरासरी छापील वजनाहून कमी भरता कामा नये, आणि एखाद्या पाकिटात 15 ग्रॅमपर्यंतची तूट चूक म्हणून सोसली जाते. समजा एखाद्या उत्पादकानं कायद्याहून कडक पण केला, की शंभरातली निदान सत्त्याण्णव पाकिटं पाचशेच्या वरच भरायची. भरण्याचं विचलन सहा ग्रॅम असेल, तर त्याला सरासरी 512 वर ठेवावी लागेल. दोन ग्रॅमवर आणलं, तर 504 पुरेल. पाकिटामागं आठ ग्रॅम, लाख पाकिटांमागं 800 किलो पोहे. गिऱ्हाइकाच्या ताटातला एक कणही न घेता हा फायदा होतो.

मोटारींच्या धंद्यात क्षमतेचे आकडे करारातच असतात. नवा भाग मंजूर करून घेताना निर्देशांक 1.67 च्या वर असेल तर ठीक, 1.33 च्या खाली असेल तर नाही, मधला असेल तर गिऱ्हाईक ठरवेल, असा रिवाज चाकणपासून चेन्नईपर्यंत चालतो. आकडा करारात गेला की त्याची पूजा सुरू होते. तीस नग मोजून आलेला 1.33 हा सीपीके खरा किती असू शकतो? सुमारे 0.97 ते 1.69 यांतला कुठलाही. शंभर नग मोजले तरी 1.13 ते 1.53. तरी अहवालात 1.32 लिहिणाऱ्याची झोप उडते आणि 1.34 लिहिणारा निवांत असतो. शिवाय हा सगळा हिशेब घंटेच्या आकाराच्या वक्रावर उभा आहे. औषधाच्या कच्च्या मालातली अशुद्धी किंवा रसायनातला ओलावा शून्याच्या खाली जाऊ शकत नाही. त्यांचा वक्र एका बाजूला लांब शेपटीचा असतो. तिथं नेहमीचं सूत्र लावलं तर उत्तर देखणं येतं आणि चुकीचं असतं. धाटाव-पाताळगंगेच्या वाचकांनी अशा उदाहरणांचा चौथा भाग आधी वाचला तरी चालेल.

मुंबईच्या डबेवाल्यांना ‘सिक्स सिग्मा’चं मानांकन मिळालं आहे, हे वाक्य मराठी घरांत अभिमानानं सांगितलं जातं. 1998 मध्ये ‘फोर्ब्स’ मासिकात आलेल्या लेखानंतर ते पसरलं; पण असं मानांकन देणं हे त्या मासिकाचं कामच नाही. सिक्स सिग्मा ही मोटोरोला कंपनीत 1986-87 च्या सुमारास आकाराला आलेली पद्धत. मध्य दीड विचलन सरकेल असं गृहीत धरून दहा लाख संधींमागं 3.4 दोष, हा तिचा प्रसिद्ध आकडा. डबा उशिरा पोचला तर दोष की अदलाबदल झाली तरच? नोंद कुणी ठेवली, किती दिवस? हे ठरल्याशिवाय दोषांचा कुठलाही आकडा म्हणजे अंदाजच. डबेवाल्यांचं काम थक्क करणारं आहे, आणि ते तसं ठरायला त्यांना या बिरुदाची गरज नाही. पण न मोजलेल्या गोष्टीला मोजमापाचं नाव द्यायची सवय एकदा लागली की ती कारखान्याच्या फळ्यावरही उतरते.

याच्या उलट टोकाची सवय आणखी महाग पडते: जे प्रक्रियेचं आहे ते माणसाच्या माथी मारणं. डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग आपल्या वर्गांत एक प्रयोग करून दाखवत. पेटीत मणी, त्यातले वीस टक्के लाल. पन्नास खळग्यांची पट्टी बुडवून काढायची, लाल मणी म्हणजे दोष. सरासरीनं दहा लाल येणार. पण एकाच्या पट्टीत सहा येतात, दुसऱ्याच्या पट्टीत पंधरा, आणि ‘व्यवस्थापक’ झालेले डेमिंग सहावाल्याचं कौतुक करत, पंधरावाल्याला खडसावत. गणित केलं तर दोन ते अठरा यांतलं काहीही निव्वळ योगायोगानं येऊ शकतं. आपल्याकडच्या कित्येक मेमोंचा आणि कित्येक ‘महिन्याचा उत्तम कामगार’ फलकांचा पाया इतकाच असतो. पेटीतले लाल मणी कमी करणं कामगाराच्या हातात नाही. पेटी भरणारा वेगळा असतो.

क्षमतेच्या कक्षेबाहेरचंही पुष्कळ काही आहे. मूर्तीचं वजन मोजता येतं, उंची मोजता येते, थराची जाडी मोजता येते. डोळ्यांची आखणी मोजता येत नाही. तिथं अनुभवी नजर हाच काटा, आणि त्या नजरेला सीपीके लावायचा खटाटोप या पुस्तकात केलेला नाही. उलट मला वाटतं, की ओतकामातली चढउतार आटोक्यात आली, तडे भरण्यात आणि घासून सारखं करण्यात जाणारे तास वाचले, तर ते आखणीकडं वळतील. हंगाम शेवटी मोजक्या दिवसांचाच असतो, आणि चतुर्थी कुणासाठी पुढं जात नाही.

पुस्तकाचा क्रम असा आहे. पहिल्या भागात व्याख्या आणि मोजमाप: काय मोजायचं, कुठून कुठवर, कशानं, कोणी. दुसऱ्यात आलेख आणि स्थिरता. तिसऱ्यात सीपी, सीपीके आणि दीर्घ काळाच्या चढउतारीसाठी वापरायचे त्यांचे भाऊबंद. चौथ्यात नेहमीचं सूत्र न लागणारी उदाहरणं. पाचव्यात आकडा हाती आल्यावर करायचं काम: कधी सेटिंग बदलावं, कधी साचा किंवा यंत्र बदलावं, कधी गिऱ्हाइकाकडं जाऊन मर्यादाच तपासायला लावाव्यात. ही शेवटची वाट आपल्याकडं कुणी फारशी धरत नाही. ड्रॉइंगवरचा टॉलरन्स पुष्कळदा जुन्या ड्रॉइंगवरून तसाच उतरवलेला असतो, आणि तो कशासाठी आहे हे विचारलं की कधीकधी समोरच्यालाही सांगता येत नाही.

गणित दहावीच्या पुढचं नाही. वर्गमूळ काढता आलं, सरासरी काढता आली की पुरे. वाचताना हाताशी एक वही ठेवावी आणि पुस्तक संपेपर्यंत आपल्या कामातल्या एका गुणधर्माचे पंचवीस गट त्यात उतरवावेत. तारीख, वेळ, साचा किंवा मशीन, मालाचा लॉट आणि काम करणाऱ्याची पाळी यांसकट. या रकान्यांशिवाय नुसती वजनं लिहिली, तर पुढं कुठल्याही प्रश्नाचं उत्तर त्या वहीतून निघणार नाही. नोंद कामगारानं स्वतः ठेवावी. ती दुसऱ्यानं ठेवली, तर पहिल्याच आठवड्यात आकडे मर्यादेच्या आत येऊ लागतात आणि प्रक्रिया होती तिथंच राहते.

आणि पुढं कुणी तुमच्याकडं सीपीके मागितला, तर आकड्यासोबत आलेखही पाठवा. कुणी तुम्हाला नुसता सीपीके पाठवला, तर तो मान्य करण्याआधी चार गोष्टी विचारा: कधीच्या नगांचा, किती नगांचा, कोणत्या साच्याचा, आणि आलेख कुठं आहे? हे चार प्रश्न विचारणारं माणूस पेण-रोह्याच्या प्रत्येक कारखान्यात एक जरी तयार झालं, तरी पुस्तकाचं काम झालं असं मी समजेन.

जिते, ता. पेण, जि. रायगड